बर्फ पडून गेल्यावरची सकाळ

बर्फ पडत असतो तेव्हा फारसं काही बिघडत नाही. आभाळ भरलेलं असतं, ढग जमिनीची ऊब धरून ठेवतात आणि पारा शून्याच्या आसपास घुटमळत राहतो. मग वादळ सरतं, आभाळ मोकळं होतं, चांदण्या दिसायला लागतात आणि त्या रात्री खरी थंडी उतरते. दिवसभरात वितळलेलं पाणी पहाटेपर्यंत काचेसारखं घट्ट होतं. नळ फुटतात ते याच रात्री. पाय मोडतात ते दुसऱ्या सकाळी. गाड्या घसरतात त्याही निळ्याशार आभाळाखाली, ऊन बघून ‘चला, आता निघू’ म्हणणाऱ्यांच्या.

मुंबई-ठाण्यातून जानेवारी-फेब्रुवारीत कुल्लू, किन्नौर, लाहौल, स्पीतीकडच्या गावांत राहायला जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. हॉटेलात मागे जनरेटर असतो, पाणी तापवायला माणूस असतो. गावातल्या घरात तुम्ही आणि घरमालक एकाच छपराखाली अडकता आणि तुमच्या चुकांचा भार त्यांच्यावर पडतो. आपल्या शहराला बर्फाची ओळखच नाही. सांताक्रूझला नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. आपल्याकडे जी काही सवय आहे ती पावसाची. त्यातलं थोडं बर्फात कामाला येतं, बरंचसं उलटं पडतं.

उत्तरेत हिवाळ्यात बर्फ आणतो तो पश्चिमी चक्रावात. हवामान खात्याचा अंदाज चार-पाच दिवस आधी येतो आणि पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जिल्ह्यानुसार असतात. नारिंगी इशारा दिसला की प्रश्न एकच: त्या दोन दिवसांत आपण कुठे असायचं? घरात असलात तर निम्मं काम झालं. मुंबईच्या परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा आणि रोजची औषधं चार दिवसांची जास्त घ्या. विमान चुकेल या धास्तीनंच लोक नको त्या सकाळी रस्त्यावर उतरतात.

पहिलं काम पाण्याचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भरलेल्या पाइपात त्याला जागा नसते. उन्हं कलायच्या आत घरमालकाला विचारा, पाणी झऱ्यावरून थेट येतं की छपरावरच्या टाकीतून? झऱ्यावरून सतत येत असेल तर नळ बारीक धारेवर सोडून ठेवायची पद्धत चांगली. वाहतं पाणी सहज गोठत नाही. धार शिवणाच्या दोऱ्याएवढी नको, पेन्सिलीतल्या शिशाएवढी हवी. नुसते थेंब पडत राहिले तर नळाच्या तोंडाशी किंवा खालच्या मोरीत बर्फाचा खुंट तयार होतो आणि सकाळी मोरी तुंबते. टाकीतून पाणी येत असेल तर मात्र ही युक्ती महागात पडते. मिनिटाला १०० मिलिलिटर धरलं तरी दहा तासांत ६० लिटर जातं. बर्फात टँकर येत नाही.

टाकीच्या घरात पाइप रिकामे करणं हाच मार्ग. आधी गीझरचं बटण बंद. मग टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा, घरातला सर्वांत खालचा नळ उघडायचा, आणि मग सर्वांत वरचा. वरचा उघडल्याशिवाय हवा आत शिरत नाही, पाणी मध्येच लटकून राहतं आणि नेमकं तिथेच पाइप फुटतो. संडासाची टाकी एकदा ओढून रिकामी करा. नळ रात्रभर उघडेच ठेवा. सकाळी व्हॉल्व्ह सोडण्याआधी मात्र एकेक नळ आठवणीनं बंद करा, नाहीतर पाणी खोलीभर होतं.

इतकं करूनही नळ गोठलाच तर तोटी उघडी ठेवून काम तोटीकडून मागे, गोठलेल्या भागाकडे न्यायचं. जाडं फडकं गुंडाळायचं, त्यावर कोमट-गरम पाणी ओतत राहायचं. मधूनच सुरुवात केली तर वितळलेलं पाणी दोन्हीकडच्या बर्फात अडकतं आणि दाबानं पाइप तडकतो. मेणबत्ती, लायटर, गॅसची शेगडी यांपैकी काहीही पाइपाजवळ न्यायचं नाही. गावात झऱ्यापासून आणलेला काळा एचडीपीई पाइप थोडा ताणला जातो, म्हणून बऱ्याचदा वाचतो. पांढरा पीव्हीसी थंडीत ठिसूळ होतो, तो वाचत नाही.

प्यायचं पाणी वेगळं साठवा. बादल्या, कळश्या तीन चतुर्थांशच भरायच्या आणि झाकून, खाली लाकडी फळी घालून बुखारीच्या, म्हणजे खोली उबवणाऱ्या शेगडीच्या खोलीत ठेवायच्या. फरशीवर ठेवलेली बादली खालून गार होत जाते. स्टीलची बाटलीही पूर्ण भरू नका आणि रात्री ती उलटी ठेवा. बर्फ पाण्यावर तरंगतो, म्हणून गोठायला सुरुवात वरून होते. बाटली उलटी असेल तर तो थर बुडाशी जमतो आणि सकाळी झाकण सुटतं.

साठा संपला तर बर्फ वितळवावा लागतो. यात नवखे लोक पातेलं जाळतात. चुलीवर रिकामं पातेलं ठेवून त्यात भुसभुशीत बर्फ दाबून भरला की तळाशी वितळलेलं थोडंसं पाणी वरचा बर्फ स्पंजासारखं शोषून घेतो. तळ कोरडा पडतो, पातेलं करपतं आणि पाण्याला जळकट वास लागतो. म्हणून आधी दोन पेले पाणी घाला, ते गरम होऊ द्या आणि मग मूठ-मूठ बर्फ सोडत, ढवळत राहा. ताज्या भुसभुशीत बर्फाचं दहा लिटरचं पातेलं वितळलं की जेमतेम एक लिटर पाणी हाती येतं. घट्ट बसलेला जुना बर्फ खणून घेतला तर दुप्पट-तिप्पट. आणि सरपण किती जातं ते लक्षात घ्या: शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. गच्चीवरचा, रस्त्याकडेचा, छपराखालचा बर्फ घेऊ नका. स्वच्छ जागेचा घेतला तरी पाणी उकळून प्या. तहान लागली म्हणून तोंडात बर्फ टाकू नका, तो वितळवायला शरीराची ऊब जाते.

स्पीतीत घरोघरी कोरडा संडास असतो: वरच्या खोलीत भोक, खाली माती आणि राखेचा ढीग. मुंबईकर नाक मुरडतात. पण हिवाळ्यात तिथे चालतो तो हाच. त्यात पाणी ओतू नका, वापरून झालं की फावड्यानं माती टाका.

आता बुखारी. हिमाचलात तिला बहुतेक ठिकाणी तंदूर म्हणतात. पत्र्याची शेगडी, वर धुराडं, धुराड्याची नळी छपरातून किंवा भिंतीतून बाहेर. नळीचे जोड घट्ट असतील आणि तोंड मोकळं असेल तोवर ती उत्तम. बर्फ पडल्यावर पेटवण्याआधी एकदा बाहेर जाऊन बघा, नळीच्या टोपीवर बर्फाचा गोळा बसलाय का. तोंड बुजलेलं असलं तर धूर खोलीत येतो. तो दिसतो तरी. विझत आलेल्या निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटीनं घट्ट चिकटतो. झोपेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

म्हणून झोपण्यापूर्वी बुखारी पूर्ण विझू द्यायची आणि खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. ऊब रजईत शोधा, दोन रजया मागून घ्या, गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्या. कोळशाची अंगीठी बंद खोलीत कधीही नको, ‘थोडा वेळच’ म्हणूनही नको. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर त्याच जातीचा धोका, तो तर आपल्याकडेही माणसं मारतो. खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, तर ‘उंचीमुळे होतंय’ असं ठरवून गोळी घेऊन पडू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. बाहेर थोड्या वेळात बरं वाटायला लागलं तर दोष हवेतच होता. पण बरं वाटलं नाही तरी त्या खोलीत परत जायचं नाही, आणि बरं वाटलं तरी डॉक्टरला दाखवायचं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मुठीएवढा असतो. सामानात एक जॅकेट कमी घ्या, पण तो घ्या.

छपराकडे लक्ष ठेवा. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर अर्धा मीटर ताजा कोरडा बर्फ म्हणजे साधारण ६०० किलो वजन. त्यावर पाऊस झाला किंवा तो दबून ओला झाला तर त्याच जाडीचं वजन दीड-दोन टनांवर जातं. स्पीतीतली सपाट मातीची छपरं म्हणूनच बर्फ पडत असतानाच साफ करतात. वितभर थर झाला की फावडं. थांबलं तर वजन वाढतंच, शिवाय ऊन आल्यावर वितळलेलं पाणी मातीतून खोलीत गळतं. घरमालकाला मदतीचा हात द्यायचा असेल तर जरूर द्या, पण खाली, अंगणात. गुडघ्यात वाकायचं, फावडं अर्धंच भरायचं, आणि उचलण्यापेक्षा ढकलायचं. विरळ हवेत, थंडीत, सवय नसलेल्या माणसानं ओला बर्फ भराभर उपसणं हे हृदयावर मोठं ओझं आहे. पन्नाशीपुढच्यांनी आणि रक्तदाबवाल्यांनी हे काम घेऊच नये. उतरत्या पत्र्याच्या वळचणीखाली उभं राहू नका. ऊन लागलं की अख्खा थर एकदम सुटतो. पागोळ्या गोठून जे सुळे लटकतात तेही दुपारी निखळतात.

दुसऱ्या सकाळी उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल टाकण्याआधी थांबा. पायऱ्यांवर पांढरा बर्फ दिसत असेल तर तो त्यातल्या त्यात बरा, पाय रुततो. जिथे काहीच दिसत नाही, दगड नुसता ओला-काळा चमकतोय, तिथे पारदर्शक थर आहे. काठीनं टोचून बघा: पाणी असेल तर टोक सहज टेकतं, बर्फ असेल तर ‘टक’ असा आवाज येतो आणि काठी सरकते. सह्याद्रीत पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून उतरलेल्यांना निम्मं तंत्र आधीच येतं: पावलं छोटी, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा, वजन पुढच्या पायावर, गुडघे सैल, हात खिशाबाहेर. टाच आधी टेकवली की गेलात. बुटांवर चढवायचे साखळी-खिळ्यांचे रबरी पट्टे, म्हणजे मायक्रोस्पाइक, मिळाले तर उत्तम. नसतील तर बुटावरून जाड लोकरी मोजा चढवा किंवा गोणपाटाची पट्टी तळव्याभोवती बांधा. खरखरीत लोकर आणि ताग बर्फाला धरतात. काश्मीरमध्ये भाताच्या पेंढ्याचे पुलहोर घालत, ते याच कारणानं.

पायऱ्यांवर गरम पाणी ओतायचा मोह होतो. ओतू नका. ते पसरतं, गार होतं आणि आधीपेक्षा गुळगुळीत थर बसतो. जाडं मीठ चालतं, एका पायरीला मूठभर. पण मीठ साधारण उणे नऊ-दहा अंशांखाली फारच मंद काम करतं. शिवाय त्यानं झालेला चिखल झाडून बाजूला काढला नाही तर दिवसभरात पाणी मिसळून पातळ होतो आणि रात्री पुन्हा गोठतो. माझी पसंती राखेला. बुखारीची राख फुकट मिळते आणि काळपट असल्यामुळे ऊन धरते. ती पूर्ण विझलेली हवी आणि एकटी नको, कारण बारीक राख भिजली की तिचाच गिलावा होतो. घमेल्यात अर्धी राख, अर्धी जाडी वाळू किंवा खडी घेऊन कालवा आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी विखरून टाका. ही तयारी आदल्या संध्याकाळी करायची, वाळूचं घमेलं दाराच्या आत ठेवायचं. बाहेर राहिलेली ओली वाळू सकाळी दगड झालेली असते.

कपड्यांबद्दल थोडक्यात. जीन्स आणि सुती बनियन मुंबईतच ठेवा. सुती कापड घाम आणि बर्फ पिऊन बसतं आणि अंगाची ऊब खेचून घेतं. आत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. चालताना घाम येण्याआधी एक थर काढायचा. पावसाळ्यातले गमबूट आणि प्लॅस्टिकचे रेनकोट घेऊन जाऊ नका. पीव्हीसी थंडीत कडक होतं, तळवा घसरतो, आत घाम साचतो. एक पावसाळी युक्ती मात्र जशीच्या तशी चालते: बूट साधेच असतील तर मोजांवरून दुधाच्या धुतलेल्या पिशव्या चढवून मग बूट घाला. बाहेरचं पाणी मोजांपर्यंत येत नाही. दोन-तीन तासांनी मोजे बदलायचे, कारण आतला घाम बाहेर जात नाही. ऊन पडल्यावर गॉगल हवाच, ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांहून अधिक परत फेकतो. खोबरेल तेलाची बाटली तिथे दगड होते (२४ अंशांखाली ते थिजतंच), व्हॅसलीन न्या.

बोटं पांढरी, मेणासारखी, बधिर झाली तर चोळायची नाहीत, बुखारीशी शेकायचीही नाहीत. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, म्हणजे तुमच्या कोपराला सुखद कोमट लागेल इतपत, आणि पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच. थरथरणारा माणूस अजून झगडतोय असं समजा. थरथर थांबून तो अडखळायला लागला, शब्द जड झाले, चेन लावता येईना, तर ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा, छाती-पोटाला ऊब द्या आणि मदत बोलवा: ११२, किंवा जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. दारू देऊ नका. कातडी तापल्यासारखी वाटते आणि आतली ऊब बाहेर जाते.

खाणं सोपं आहे. ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. गॅसही रुसतो. सिलिंडरमधल्या ब्युटेनचा कडक थंडीत नीट वायू होत नाही, म्हणून सिलिंडर स्वयंपाकघरात आत ठेवतात. घरमालकांवर भार नको म्हणून थालीपिठाची भाजणी, मेतकूट, जाड पोहे, तूप, गूळ, शेंगदाण्याची चिक्की न्या. संक्रांतीच्या दिवसांत जात असाल तर तिळगूळ घरच्यांसाठीही न्या. फोन आणि पॉवर बँक रात्री रजईत घ्या. थंडीत बॅटरी भराभर उतरते, आणि गोठलेला फोन चार्जिंगला लावला तर ती कायमची खराब होऊ शकते.

गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: मुंबईची गाडी तिथे नेऊ नका, स्थानिक चालक घ्या. तरीही नेणार असाल तर निघण्याआधी गॅरेजमध्ये रेडिएटर बघून घ्या. आपल्याकडे त्यात कितीदा साधं पाणी भरलेलं असतं, ते गोठलं की इंजिनाचा ब्लॉक तडकतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं हवं, ते उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं. काच धुण्याच्या टाकीतलं नळाचं पाणी काढून थंडीतलं द्रव भरा. डिझेल वर गेल्यावर तिथल्या पंपावर भरा. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर बुजवतं. म्हणूनच इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं. टायरची हवा थंडीनं उतरते आणि उंचीमुळे मापकावर चढलेली दिसते, तेव्हा अंदाज नको. गावात पहाटे, टायर गार असताना मोजा.

रात्री हँडब्रेक ओढू नका, ओली केबल आणि लायनर चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावा. वायपर उभे करून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकते. आतून हळूहळू हीटर आणि बाहेरून प्लॅस्टिकचं खरवडणं, जुनं डेबिट कार्डही चालतं.

बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावायच्या, म्हणजे आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढच्या. लावून शंभर-दीडशे मीटर गेलं की थांबून पुन्हा आवळायच्या, नाहीतर सैल साखळी ब्रेकच्या नळीला फटकारे मारते. वेग ताशी ३० च्या आत. फोर बाय फोर गाडी चढाला उपयोगी आहे, थांबायला नाही. बर्फावर चारही चाकं सारखीच घसरतात. उतारावर पहिला-दुसरा गिअर, ब्रेकला पाय जेमतेम. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाही, तर ते पाणी नाही. पूल, झाडांखालची वळणं आणि उत्तरेकडच्या सावलीतले तुकडे दुपारपर्यंत तसेच राहतात. म्हणून बर्फानंतरच्या दिवशी अकराच्या आधी निघू नका आणि तीनच्या आत मुक्कामी टेका. तीव्र उताराच्या डोंगराखालून जाणारा रस्ता असेल तर पहिले दोन दिवस अजिबात नाही. हिमस्खलनं मोठ्या बर्फानंतरच्या २४ ते ४८ तासांतच जास्त होतात.

आणि अडकलातच तर गाडी सोडून चालत सुटू नका. पण आत बसून राहतानाही सावध राहा. पाकिस्तानात मरी इथे जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली. त्यातले बरेच जण बुजलेल्या सायलेन्सरमुळे आत साचलेल्या धुरानं गेले असावेत, असं तेव्हा सांगितलं गेलं. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा आणि प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ हातानं काढा. वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवा. गाडीत फावडं, दोन रजया, पाण्याची उलटी बाटली, चिक्की आणि राख-वाळूची पाच किलोंची पिशवी असावी. रुतलेल्या चाकाला गरगरवू नका, खालचा बर्फ वितळून आणखी गुळगुळीत होतो. चाकापुढे राख टाका, दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवून खालून दाबाच्या पाण्यानं धुऊन घ्या. रस्त्यावर टाकलेलं मीठ चासीच्या खाचांत बसलेलं असतं आणि मुंबईच्या दमट हवेत ते गंज चढवायला पावसाळ्याची वाट बघत नाही.